कात्री आणि जावयाचा शेवटचा भाग

आमच्या दुकानात कपडे शिवून मिळत नाहीत, दुरुस्त करून मिळतात. सैल असेल ते घट्ट, घट्ट असेल ते सैल, लांब असेल ते आखूड, आणि फाटलं असेल ते न फाटल्यासारखं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली. दारात काउंटर, त्याला लागून शिलाई मशीन, मग माझी खुर्ची आणि सगळ्यात मागे, खिडकीखाली, इस्त्रीचं टेबल. आम्ही तिघी. मी काजवाली, म्हणजे काजं, बटणं, हुक आणि हातशिलाई माझ्याकडे. मागे इस्त्रीवाली. आणि पुढे, गिऱ्हाइकांच्या थेट तोंडासमोर, आमची कात्री.

तिला कात्री का म्हणतात यावर दोन मतं आहेत. ती स्वतः म्हणते, माझा हात कापडावर सरळ चालतो म्हणून. बाकी सगळे म्हणतात, दोन मिनिटं तिच्याशी बोलून बघा, कळेल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यात तिला डोळे असे मिळालेत की कपडा बघितला की आतला माणूस दिसतो. बँकेतले एक साहेब दर तीन महिन्यांनी "पँट आटली हो" म्हणत कंबर वाढवायला येतात. कात्री त्यांना सांगते, "पँट नाही आटली साहेब, तुमचं चालणं आटलं." एकदा एक मुलगा आईबरोबर लग्नाचा कोट घेऊन आला. बाह्या आखूड करायच्या होत्या. मायलेक दाराबाहेर पडले नाहीत तोच कात्री म्हणाली, "हा लग्न करत नाही." का, तर म्हणे कोटाला आतला खिसा आहे का, हे प्रत्येक नवरा मुलगा विचारतो आणि याने विचारलंच नाही. मी म्हटलं, तुझं काहीतरीच. आठवड्याने मुलगा पळाला. कोट अजून आमच्याकडे लटकतोय. तिच्या या गुणाचा मला खरं सांगायचं तर राग येतो, कारण ती चुकत नाही.

आता हा गुण दुकानात खपून जातो. सिनेमात तो गुन्हा आहे.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दुकानाची वीज गेली. मशीन बंद, इस्त्री बंद, अंगाची काहिली. चौकातल्या थिएटरात गारवा असतो म्हणून आम्ही तिघी जाऊन बसलो. लागला होता एका उडत्या माणसाच्या सिनेमाचा पहिला भाग. बाहेर आलो त्या तिघी वेगळ्याच होतो. पन्नाशीला टेकलेल्या बायकांनी असल्या सिनेमांच्या नादी लागावं, हे घरच्यांना पटलं नाही. पण आम्ही त्यांना विचारलंही नाही. हिरोचं नाव भलतंच लांबलचक आहे. आम्ही त्याला जावई म्हणतो. तो उशिरा येतो, आल्यावर अर्धं गाव मोडून ठेवतो, आणि तरी सगळे कौतुकाने त्याच्याच मागे पळत असतात.

तर या जावयाचा प्रत्येक भाग कात्रीने आमच्यासाठी मध्यंतराच्या आत संपवला. दुसऱ्या भागात एक गोड नर्स होती. कात्री म्हणाली, "हीच चोर. बारा तास ड्युटी करून आलेल्या बाईच्या एप्रनला एक चुणी नाही?" नर्सच चोर निघाली. तिसऱ्या भागात म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला बायकोने घरी विणलेला स्वेटर दिला. कात्री भर थिएटरात हळहळली, "गेला बिचारा. सिनेमात घरचा स्वेटर अंगात चढला की माणूस मेलाच समज." मध्यंतरानंतर पाच मिनिटांत म्हातारा गेला, आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या बाई रडायचं सोडून मागे वळल्या आणि खाऊ की गिळू अशा नजरेने आमच्याकडे बघत राहिल्या. चौथ्या भागाचं मी सांगत नाही, कारण त्यात आम्हाला बाहेर काढलं. शेवट आम्हाला माहीत होता, अर्थात कात्रीकडून; फक्त बघायचा राहिला.

पाचव्या भागाच्या अखेरीला जळत्या मनोऱ्यासकट जावई खाली कोसळला आणि पडद्यावर अंधार झाला. तो जगला की मेला, हे पुढच्या भागात. पुढचा भाग यायला चार वर्षं लागली. एवढ्या वेळात माझी मुलगी शिकून नोकरीला लागली आणि कात्रीने दोन चष्मे बदलले.

आणि याच वर्षी इस्त्रीवालीचं जायचं ठरलं. तिची मुलगी समुद्रापलीकडे असते. कित्येक वर्षं आईला बोलावत होती. आठ-आठ तास उभं राहून इस्त्रीवालीचे गुडघे कामातून गेले, तेव्हा ती हो म्हणाली. जायचं ते कायमचं. सिनेमा लागणार शुक्रवारी, तिचं विमान रविवारी.

इस्त्रीवाली म्हणजे गरीब गाय. कोणी तिच्या अंगावर ओरडलं तर ती आधी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करेल, मग विचार करेल. तिचा दिवस रोज सकाळीच तिला माहीत असायचा: ढीग केवढा, त्यात पांढरे किती, रंगीत किती. म्हणूनच की काय, पुढे काय होणार ते माहीत नसण्याची तिला फार हौस होती. आणि अकरा वर्षं कात्री तिच्या पुढ्यातून ते ताट ओढून घेत होती. ती कधी एका शब्दाने बोलली नाही.

त्या सोमवारी बोलली. इस्त्री उभी करून ठेवली, पुढे आली आणि मशीनवर हात टेकून म्हणाली, "कात्रे, हा आपला शेवटचा सिनेमा. एकदा तरी मला शेवट शेवटी कळू दे."

"मी काय मुद्दाम सांगते का?" कात्री उसळली. "तोंडातून निघून जातं गं."

"मग निघू देऊ नकोस. एक शब्द जरी बोललीस ना, तर मी उठून जाईन. आणि रविवारी मला सोडायला येऊ नकोस."

मी सुई हातात धरून बसले होते ती तशीच बसून राहिले. इतक्या वर्षांत इस्त्रीवालीने कुणाला काही येऊ नकोस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. कात्रीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हेही मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे चार दिवस कात्रीने स्वतःला जे जपलं त्याला तोड नाही. पोस्टर नुसतं दिसलं तरी शेवट कळेल, या भीतीने ती चौकातून जाताना तोंडासमोर पिशवी धरून चालायची. बुधवारी तशीच एका सायकलवाल्यावर आदळली. त्याला "लागलं का?" विचारायच्या ऐवजी "बायको माहेरी गेलीय वाटतं, बटणं एक घर चुकलीत" असं सांगून आली. म्हणजे खोड जागेवरच होती, नुसती वाट बदलून चालली होती. मला धाकधूक लागली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि हिची तर मेल्यावरही पोचवायला आलेल्यांच्या कपड्यांवरून बोलेल.

उपाय तिनेच काढला. मापं घेताना ती टाचण्या ओठांत धरते. दिवसातला तेवढाच वेळ आमच्या दुकानात शांतता असते. "तोंडात टाचण्या असल्या की मी बोलत नाही," ती म्हणाली, "अठरा वर्षांचा पुरावा आहे. सिनेमाला टाचण्या धरून बसते."

"तीन तास?" मी म्हटलं. "आणि शिंक आली तर?"

"आली तर पुढच्याला लागेल. मला कुठे लागणार आहे."

शुक्रवारी दुपारी आम्ही दुकानाला कुलूप लावलं. थिएटरच्या दारावर पिशव्या तपासत होते. पहारेकऱ्याने कात्रीच्या पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली. मोठी कात्री. छोटी कात्री. टाके उसवायचं पातं. टाचण्यांची डबी. खडू. मोजायची टेप. सुयांचं पाकीट.

"बाई," तो म्हणाला, "सिनेमाला आलात की ऑपरेशनला?"

"बाकीचं ठेवून घ्या," कात्री म्हणाली. "टाचण्या तेवढ्या द्या. तोंडात धरायच्यात."

पहारेकऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, म्हणजे खरंय. त्याने डबी आणखी लांब सरकवली. मागे रांग कुरकुरायला लागली, आतून जाहिरातींचा आवाज येत होता, आणि इस्त्रीवाली एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर भार देत उभी होती. शेवटी त्याने टेप परत दिली, आणि पिशवीच्या तळाशी एक जाडजूड, चार भोकांचं, ओव्हरकोटाचं बटण सापडलं तेही दिलं. "हे धरा तोंडात," तो चेष्टेने म्हणाला. कात्रीने तिथल्या तिथे रुमालाने पुसून बटण दातांत धरलं आणि ताठ मानेने आत गेली. त्या माणसाने घरी जाऊन काय सांगितलं असेल कोण जाणे.

मी मुद्दाम दोघींच्या मध्ये बसले. कात्रीने कोपराने ढोसलंच तर मला ढोसावं, एवढाच हेतू.

सिनेमा सुरू झाला. पहिली दहा मिनिटं शहर जावयाविना हाल काढत होतं. त्याची बहीण, ती हुशार, चष्मेवाली, एकटीच लढत होती. मग एका पुलावर धूर झाला, आणि धुरातून तो आला. तोंडावर तोच मुखवटा, अंगात घोट्यापर्यंत लांब काळा कोट. थिएटर उठून उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. शहरातले लोक मात्र कुजबुजत होते, हा तोच का? की मुखवट्याआड दुसराच कुणी? सिनेमाचं सगळं कोडं तेवढंच होतं. कॅमेरा हळूहळू त्याच्या छातीजवळ गेला.

आणि मला कोटाची काजं दिसली.

पुरुषाच्या कोटाला काजं घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या कोटाला बरोबर उलट. आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही, हाताला माहीत असतं. पडद्यावरच्या कोटाची काजं उजव्या बाजूला होती. कोट बाईचा होता. म्हणजे मुखवट्याआड जावई नव्हता, त्याची बहीण होती. म्हणजे जावई चार वर्षांपूर्वीच मेला होता. बाराव्या मिनिटाला माझा सिनेमा संपला.

माझ्या मनगटावर पाच बोटं रुतली. मी वळून बघितलं. कात्रीचे डोळे बाहेर यायचे बाकी होते, गाल फुगले होते, आणि बटणाच्या दोन्ही बाजूंनी ओठ थरथरत होते. तिलाही दिसलं होतं. न दिसायला काय झालं? मी हळूच दुसरीकडे बघितलं. इस्त्रीवाली हात मांडीवर ठेवून, तोंड जरासं उघडं, पडद्याकडे बघत होती. चेहऱ्यावर इतका भोळा आनंद की मला कात्रीची आणि माझी दोघींची लाज वाटली. म्हटलं, हिच्यासाठी तरी गप्प बसायचं. मेलो तरी बेहत्तर.

पण सांगते, फार कठीण असतं ते. मी काही कात्री नाही, माझ्या पोटात गोष्टी राहतात. तरी मला गुदमरायला झालं. कात्रीचं तर विचारू नका. बहीण पडद्यावर येईनाशी झाली की ती माझं मनगट दाबायची, म्हणजे बघ, आता कशी येईल, तीच तर कोटात आहे. मुखवटेवाला लंगडला की दाबायची. तो बोलला नाही की दाबायची. मध्यंतरापर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या.

दिवे लागले. इस्त्रीवालीने वाकून विचारलं, "कसा वाटतोय गं?" कात्रीने बटणासकट मान हलवली. पाणी नको, मक्याच्या लाह्या नकोत, काही नको.

"मला तर बाई काहीच कळत नाहीये, पुढे काय होणार ते," इस्त्रीवाली म्हणाली, आणि कात्रीने छताकडे बघायला सुरुवात केली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक आडवातिडवा गृहस्थ आपल्या बायकोला मोठ्याने समजावायला लागला, "मी सांगतो ना तुला, हा तो नाहीच. तो मेलाय. हा जो आहे ना, तो खरा म्हणजे..."

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. कात्री उठली, पिशवीतून टेप काढली, आणि मागून त्याच्या गळ्याभोवती अलगद गुंडाळली. ओढली नाही हां. शिंपी कॉलरचं माप घेतात तशी, दोन बोटं सैल ठेवून घेतली. गृहस्थ थिजला. कात्रीने माप वाचलं, मान हलवली, मला बोटांनी खूण केली, आधी एक, मग सात, म्हणजे सतरा इंच. टेप गुंडाळली आणि खाली बसली. सिनेमा संपेपर्यंत तो माणूस खोकलासुद्धा नाही. अकरा वर्षं ज्या बाईने थिएटरातल्या हजार लोकांचे शेवट नासवले, ती आज एकीच्या शेवटावर नागिणीसारखी पहारा देत होती. मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं.

शेवट आला. मनोऱ्याच्या गच्चीवर मुखवटेवाला एकटा, खाली सगळं शहर. त्याने हात वर नेला. मी मनात म्हटलं, आता केस खाली सुटतील, चष्मा लावेल, थिएटर आ वासेल. कात्रीने माझं मनगट सोडलं आणि पुढे वाकून इस्त्रीवालीकडे बघायला लागली. पडद्याकडे नाही. तिला तो क्षण त्या चेहऱ्यावर बघायचा होता.

मुखवटा उतरला.

जावईच होता. एक गाल भाजलेला, केस पांढरे झालेले, पण तोच. मेला बिला कुणी नव्हता. बहीण मागून धावत आली, स्वतःच्या अंगावरच्या स्वतःच्या कपड्यांत, आणि भावाच्या गळ्यात पडली.

"आँ?" मी म्हटलं.

"आँ?" कात्री म्हणाली, आणि बटण तोंडातून पडून पायऱ्यांवरून टणटणत पार पडद्यापर्यंत गेलं.

"आँ?" इस्त्रीवाली म्हणाली.

शेजारीपाजारी लोक खुर्च्यांवर चढून नाचत होते. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत होतो. लोकांना धक्का बसतो तो वेगळा आणि आमचा वेगळा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. तीन आँ अगदी एकाच मापाचे होते.

नावं सरकायला लागली तरी कात्री उठेना. चष्मा वर-खाली करून ती शिंप्याचं नाव शोधत होती. "कुणी शिवला तो कोट?" ती उभ्या थिएटराला विचारत होती. "उजव्या बाजूला काजं! एवढा मोठा सिनेमा, शंभर माणसं मेकअपला, आणि एकाला कोट शिवता येत नाही? अडीच तास मी तोंडात बटण धरून बसले, त्या बाईसाठी, आणि ती बाई नव्हतीच!" मग एकदम तिच्या लक्षात आलं आपण कोणापुढे बोलतोय ते, आणि तिने हात तोंडावर नेला.

"बोल गं," इस्त्रीवाली म्हणाली. "संपलाय सिनेमा. मलापण दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"काजं. दिवसाला ऐंशी शर्ट माझ्या हाताखालून जातात, कात्रे. इस्त्री कुठल्या बाजूने फिरवायची ते मला पुलावरच कळलं. म्हटलं, बहीण आहे. शेवट कळला म्हणून रडूच आलं होतं. पण तू बिचारी एवढं बटण चावत बसली होतीस. तुला वाटलं असतं, गप्प बसून काय उपयोग झाला. म्हणून मग बसले आपली तोंड उघडं टाकून."

"म्हणजे तू नाटक करत होतीस?"

"मग काय. चांगलं करत होते ना?"

मी सांगून टाकलं की मीही. कात्रीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि मग अशी हसत सुटली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. इस्त्रीवाली तिच्याहून जास्त. तिघी हुशार, तिघींना बाराव्या मिनिटाला शेवट कळलेला, तिघींनी एकमेकींपासून जिवापाड लपवलेला, आणि तिघींचाही चुकलेला. कात्री आयुष्यात पहिल्यांदा चुकली ती एका अडाणी शिंप्यामुळे. मी त्या शिंप्याला मनातून दुवा दिला. इस्त्रीवालीला हवा होता तो शेवट अखेर मिळाला होता, आणि नुसता तिला नाही.

पहारेकऱ्याकडून कात्रीची हत्यारं परत घेतली आणि आम्ही पायऱ्यांवर आलो. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. इस्त्रीवाली डोळे पुसत एका पायरीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. आम्हीही बसलो. हसू ओसरलं तशी मला रविवारची आठवण झाली. दोघींनाही झाली असणार.

मग इस्त्रीवाली म्हणाली, "बरं कात्रे, आता तुला मुभा आहे. तुला सगळं आधी कळतं ना? मग सांग. मी तिकडे गेल्यावर काय होणार?"

कात्रीने तिच्याकडे वळून बघितलं. काउंटरवर आलेला कपडा बघते तसं, नीट, वरपासून खालपर्यंत. उसवलेली चप्पल, सुजलेले गुडघे, थिएटरातल्या गारव्याला म्हणून आणलेला, मुलीने पाठवलेला, अजून घडी न मोडलेला नवा कोट हातावर. मला वाटलं, संपलं. आता ही खरं सांगणार. गुडघे काही बरे व्हायचे नाहीत, तिकडे तुझ्याशी बोलायला कोणी असणार नाही, आणि आपण तिघी अशा पायरीवर पुन्हा बसणार नाही. मला ओरडून तिला थांबवावंसं वाटलं. तिचे डोळे भरले होते.

"नाही सांगत, जा," कात्री म्हणाली. "शेवट बघायचा असेल तर परत ये."